दाताच्या दवाखान्यात तपासनीस

खाजगी दवाखान्यांवर सरकारने नजर ठेवावी की नाही, हा वाद आपल्या गावाला नवा नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुवर्ण विधानसौधात अधिवेशन चालू असताना राज्यभरातील डॉक्टर बेळगावात जमले होते. २००७ सालच्या खाजगी वैद्यकीय आस्थापना कायद्यात दुरुस्ती येऊ घातली होती, तिला त्यांचा विरोध होता. मी तेव्हा शाळेत होते. घरी, बसमध्ये, वाण्याच्या दुकानात एकच चर्चा चाले. डॉक्टरांची फी सरकारने ठरवायची काय? आणि चूक झाली तर डॉक्टरला तुरुंगात घालायचे काय? पुढे ती दुरुस्ती बरीच सौम्य होऊन त्याच महिन्यात संमत झाली. पण एवढ्या गदारोळात एक साधा प्रश्न कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. रुग्णाच्या तोंडात जी हत्यारे जातात, ती स्वच्छ आहेत की नाहीत हे पाहतो कोण?

या लेखापुरता मी दाताचाच दवाखाना घेतला आहे, त्याला कारण आहे. मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेची खोली वेगळी, हत्यारे धुणारी माणसे वेगळी, वर देखरेख करणारी सिस्टर वेगळी. दाताच्या दवाखान्यात हे सगळे दहा बाय बाराच्या खोलीत, एक डॉक्टर आणि एक मदतनीस मुलगी यांच्यात आटोपते. आणि काम तर रक्ताचेच असते. दात काढणे, हिरडी चिरणे, मुळाची नस काढणे. दात कोरायचे यंत्र थांबताना तोंडातली लाळ थोडी आत ओढून घेते. बाहेरून स्पिरिटच्या बोळ्याने पुसले तर आतले काय निघणार? ते यंत्र पुढच्या रुग्णाच्या तोंडात फिरू लागले की आतला ऐवज बाहेर येतो. काविळीच्या 'बी' प्रकारच्या विषाणूला यापेक्षा सोपी वाट कोणती हवी?

हे भय दाखवण्यासाठी लिहीत नाही. तामिळनाडूत तिरुपत्तूर जिल्ह्यात वाणियंबाडी नावाचे गाव आहे, कातड्याच्या धंद्यासाठी प्रसिद्ध. २०२२-२३ च्या सुमारास त्या भागात मेंदूच्या एका विचित्र आजाराचे रुग्ण निघू लागले. ताप, डोकेदुखी, मग बोलणे अडखळणे, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, राज्याचे आरोग्य खाते आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे साथरोगतज्ज्ञ यांनी मिळून शोध घेतला. जंतू निघाला 'बर्खोल्डेरिया स्यूडोमलाय', म्हणजे ओल्या मातीत आणि पाण्यात राहणारा. त्यातल्या दहा रुग्णांचा माग काढता काढता सगळे एकाच दाताच्या दवाखान्यात जाऊन आलेले आढळले. त्या दहांपैकी आठ जण दगावले. कारण काय होते? जखम धुवायची सलाईनची बाटली. ती हिरडी उचलायच्या हत्याराने फोडायची, वापरून झाली की तोंडाला कापसाचा बोळा लावून ठेवायची आणि पुढच्या रुग्णाला तीच वापरायची. हा शोध २०२५ साली 'लॅन्सेट'च्या आग्नेय आशियाविषयीच्या नियतकालिकात छापून आला. सलाईनची बाटली ती केवढ्याची! नाश्त्याच्या पैशात येणारी वस्तू. तिथे कोणी जाणता तपासनीस एकदा नुसता उभा राहिला असता, तरी कापसाचा तो बोळा त्याच्या नजरेतून सुटला नसता.

मी सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे. आमच्या प्रयोगशाळेत ऑटोक्लेव्ह आहे. १२१ अंश सेल्सिअस, पंधरा पौंड दाब, पंधरा मिनिटे. प्रत्येक वेळी तारीख, वेळ आणि सही वहीत लिहावी लागते. सही राहिली तर सर पुढचे प्रात्यक्षिक करू देत नाहीत. बाहेरून चिकटवलेली पट्टी काळी पडली म्हणजे एवढेच कळते की डबा तापला. आतले जंतू मेले की नाही हे कळायला बीजाणूंची पट्टी आत ठेवावी लागते, मग ती उबवून पाहावी लागते. बीजाणू ही चिवट जात आहे, उकळते पाणी तिला पुरत नाही. आणि हा सारा खटाटोप कशासाठी? आमच्या वीस परीक्षानळ्यांसाठी. त्या परीक्षानळ्या कोणाच्या तोंडात जाणार नसतात.

गेल्या वर्षी आजीचा दात काढायला एका दवाखान्यात घेऊन गेले होते. कोपऱ्यात स्टीलच्या डब्यात पाणी खदखदत होते आणि त्यातून चिमटे, पकडी काढून ट्रेमध्ये मांडणे चालू होते. मी विचारले, "डॉक्टर, ऑटोक्लेव्ह नाही का?" ते हसून म्हणाले, "काय शिकतेस गं तू?" मी सांगितले. मग म्हणाले, "बाळ, बावीस वर्षे झाली, अजून एकाला काही झालेलं नाही." माणूस चांगला होता, आजीशी फार मायेने बोलला, पैसेही कमी घेतले. पण त्या उत्तराने माझे समाधान झाले नाही. एकाला काही झाले नाही हे त्यांना कळणार कसे? काविळीचा विषाणू अंगात शिरल्यावर लक्षणे दिसायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. मग रुग्ण फिजिशियनकडे जातो. तीन महिन्यांपूर्वी दात काढला होता हे त्याच्या स्वतःच्याही ध्यानात नसते. दंतवैद्याकडे परत येऊन 'तुमच्याकडून हे लागले' असे सांगणारा रुग्ण जवळपास नसतोच. म्हणजे दवाखान्याचा अनुभव कितीही मोठा असला तरी या एका बाबतीत तो आंधळा असतो. बाहेरच्या डोळ्याची गरज इथेच आहे. त्यात डॉक्टरच्या प्रामाणिकपणावर संशय घेण्याचा प्रश्नच येत नाही.

आपल्याकडे कायदे नाहीत असे कोणी समजू नये. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने दंतवैद्याची नोंदणी होऊ लागली, २०२३ साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा केला. पण हे दोन्ही मुख्यतः माणसाच्या पदवीशी आणि शिक्षणाशी संबंधित. जागेची नोंदणी कर्नाटकात २००७ च्या कायद्याने होते. एक्स-रेच्या यंत्रावर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख. कचऱ्यासाठी २०१६ चे नियम आहेत. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, सुया पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात. अशा चार वह्या, चार खाती. पण बहुतेक वेळा तपासली जातात ती कागदपत्रे. नोंदणीचा दाखला भिंतीवर आहे का? दरपत्रक लावले आहे का? कचरागाडीवाल्याची पावती आहे का? डबा उघडून पकड कशी ठेवली आहे ते पाहणारा विरळा. आणि २००७ च्या कायद्याच्या नावातच 'खाजगी' आहे, तेव्हा सरकारी रुग्णालयातील दंतविभाग त्याच्या कक्षेबाहेर राहतो. जंतूला खाजगी आणि सरकारी हा भेद कळतो की काय?

इंग्लंडमध्ये २००९ पासून 'केअर क्वालिटी कमिशन' नावाचा आयोग काम करतो, आणि एप्रिल २०११ पासून दंतवैद्यांचे दवाखानेही त्याच्याकडे नोंदवावे लागतात. तपासणी पाच प्रश्नांवर चालते. दवाखाना सुरक्षित आहे काय, उपचार परिणामकारक आहेत काय, वागणूक आस्थेची आहे काय, रुग्णाच्या गरजेला दाद मिळते काय, कारभार नीट चालतो काय. तपासनिसाबरोबर सहसा एखादा दंतवैद्य सल्लागार म्हणून असतो. अहवाल सर्वांना वाचायला खुला असतो. मला यातला शेवटचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. अहवाल फायलीत गेला की तो साहेब आणि डॉक्टर या दोघांचा होतो, दारावर लागला की तो रुग्णाचा होतो.

पण तिकडचे सगळे सोन्याचे, असे मानण्याची आपली जुनी खोड आहे, ती इथे नको. २०१४ साली नॉटिंगहॅमजवळच्या एका दंतवैद्याच्या सुमारे २२,००० जुन्या रुग्णांना 'रक्त तपासून घ्या' म्हणून कळवावे लागले. हातमोजे आणि हत्यारे न बदलता तो एकामागून एक रुग्ण तपासत होता. हे उघडकीस आले ते आतल्या एका व्यक्तीने चोरून केलेल्या चित्रीकरणामुळे. पुढे २०२४ साली डॉ. पेनी डॅश यांनी सरकारसाठी या आयोगाच्याच कारभाराचे परीक्षण केले, त्यात फार कडक ताशेरे आहेत. तपासण्या घटलेल्या, अहवाल रेंगाळलेले, आणि रुग्णालय तपासायला पाठवलेल्यांपैकी काही जण त्याआधी कधी रुग्णालयात गेलेलेच नव्हते! आपल्याकडे शाळा तपासायला येणाऱ्या डिपोटीच्या गोष्टी आजोबा सांगतात, त्यांतही असे नमुने भेटतात.

आता डॉक्टरांचे म्हणणे. ते मी ऐकले आहे आणि त्यातले निम्मे मला पटते. कर्ज काढून दवाखाना थाटलेला तरुण डॉक्टर म्हणतो, इन्स्पेक्टर आला की पाकीट आले. मोठ्या शहरांतून शाखा काढणाऱ्या कंपन्यांना फायली रंगवायला माणसे ठेवता येतात, आम्ही काय करायचे? आणि नोंदणी केलेल्यालाच छळणार, बाजारात बसून दात बसवून देणाऱ्याला कोण विचारतो? हे सगळे खरे आहे. पण यावरून तपासणीच नको असे ठरत नाही. तपासनीस त्या विद्येचा असावा, त्याने कागद कमी आणि हत्यारे जास्त पाहावीत, आणि जे आढळले ते त्याच दिवशी लेखी देऊन जावे, एवढेच त्यावरून ठरते. पाकीट चालते ते बंद खोलीतल्या तोंडी शेऱ्यावर. लेखी आणि जाहीर शेऱ्यावर ते चालवणे कठीण जाते. बाजारात बसणाऱ्याचा बंदोबस्त हे तर वेगळेच काम आहे, ते पोलिसांचे आणि नगरपालिकेचे. मला जास्त काळजी वाटते ती त्या मदतनीस मुलीची. हत्यारे धुते ती, बाटली फोडते ती, खरे काय चालते ते ठाऊक असते तिला. आणि महिन्याचा पगार हाती येतो तो डॉक्टरच्या. तपासनिसाने तिच्याशी पाच मिनिटे एकटीशी बोलल्याशिवाय तपासणी पुरी झाली असे धरूच नये. तिला काविळीची लस टोचली आहे का, हेही त्याच पाच मिनिटांत विचारावे.

भाषेविषयी एक गोष्ट. रुग्णांच्या हक्कांची सनद आणि तक्रार कोठे करायची ते रुग्णाला वाचता येईल अशा भाषेत लावले पाहिजे. आपल्या गावात एकाच बाकावर कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणारे दात धरून बसलेले असतात. कन्नड विभागाच्या संपादिका ही माझी मैत्रीण. तिच्या आईला इंग्रजी फलक वाचता येत नाही आणि माझ्या आजीलाही नाही. दाढ दुखते तेव्हा दोघी सारख्याच कण्हतात.

सरकार काय करायचे ते करील. तोवर आपल्या महाविद्यालयाला एक काम जमण्यासारखे आहे. बीजाणूंची पट्टी उबवायला ५५ अंशांचा इन्क्युबेटर लागतो, तो आमच्या विभागात आहे आणि सुट्टीच्या दिवशी रिकामाच असतो. गावातील जे दंतवैद्य आपखुशीने तयार होतील त्यांच्या ऑटोक्लेव्हमध्ये महिन्यातून एकदा पट्टी ठेवायची, परत आणून उबवायची, आणि निकाल बंद पाकिटात त्यांनाच नेऊन द्यायचा. विभागप्रमुखांना विचारले आहे, ते पट्ट्यांचा खर्च कोणी उचलला तर तयार आहेत. ज्या डॉक्टरांनी आजीचा दात काढला त्यांच्याकडे मी आधी जाणार आहे. त्यांच्याकडे ऑटोक्लेव्ह नाही, तेव्हा पट्टीपूर्वी तो घेण्याविषयी बोलावे लागेल.