गायक ज्यू आहे, म्हणून जबाब मागायचा का?

गाझावर चर्चा सुरू झाली की आपल्यातले काही तरुण 'ज्यू' आणि 'इस्रायल' हे शब्द एकाच अर्थाने वापरतात. आम्ही पॅलेस्टिनी जनतेच्या बाजूने आहोत, म्हणूनच या सवयीवर बोलणे आम्हाला गरजेचे वाटते.

ऑगस्ट २०१५ मध्ये स्पेनमधील एका मोठ्या रेगे महोत्सवाने मतिस्याहू या गायकाला पॅलेस्टाईन राष्ट्राला पाठिंबा देणारे निवेदन मागितले. त्याने ते दिले नाही, म्हणून कार्यक्रम रद्द झाला. हा गायक ज्यू खरा, पण नागरिक अमेरिकेचा. टीका झाल्यावर आयोजकांनी माफी मागून त्याला परत बोलावले आणि तो गात असताना श्रोत्यांत पॅलेस्टाईनचे झेंडे फडकत होते. झेंडे फडकवणे हा श्रोत्यांचा हक्कच. पण जन्म पाहून निष्ठेचा दाखला मागणे वेगळे. असा दाखला इथल्या मुसलमानांना रोज मागितला जातो, आणि जन्मावरून माणूस जोखणे म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

युरोव्हिजनचा प्रश्न निराळा आहे. तिथे गायक देशाच्या नावाने उतरतो. २०२२ मध्ये रशियाला बाहेर काढणारी स्पर्धा इस्रायलला मात्र ठेवते आणि वर 'संगीतात राजकारण नको' म्हणते. २०२४ मध्ये इस्रायलच्या गाण्याचे शब्द राजकीय ठरवून बदलायला लावले, देश तसाच राहिला! २०२६ च्या स्पर्धेतून स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया आणि आइसलँड यांनी माघार घेतली, ती याच प्रश्नावर. इथे जाब राज्याला विचारला जातो आणि तो विचारलाच पाहिजे.

मधली प्रकरणे अवघड असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये बेल्जियममधील गेंट महोत्सवाने म्युनिक फिलहार्मोनिकचा कार्यक्रम रद्द केला, कारण संचालन करणारे लाहाव शानी इस्रायल फिलहार्मोनिकचेही प्रमुख आहेत. जर्मन वाद्यवृंदाला ही शिक्षा आम्हाला पटली नाही. पण शानींचे पद सांस्कृतिक प्रतिष्ठेचे आहे, त्यामुळे त्यांना प्रश्न विचारणे गैर म्हणता येत नाही. आमच्यातही यावर एकमत नाही.

'संगीतात राजकारण नको' हे वाक्य ज्यू गाण्यांच्या इतिहासाला तर मुळीच लागू पडत नाही. क्राकोव्हचा मोर्देखाय गेबिर्तिग पेशाने सुतार होता आणि यिडिश भाषेत गाणी रचायचा. पोलंडमधील प्शितिक गावात १९३६ मध्ये ज्यूंवर हल्ला झाला, त्यावर त्याने जळत्या गावाचे गाणे लिहिले. त्यात बघ्यांनाही सोडलेले नाही. १९४२ मध्ये क्राकोव्हच्या घेटोत नाझींनी त्याला गोळी घातली. त्याच काळातली बुंद ही ज्यू कामगारांची संघटना झायोनवादाच्या ठाम विरोधात होती आणि तिचीही स्वतःची गाणी होती. आपल्या शाहिरांना ऐकणाऱ्याला हे परके वाटू नये.

आणि ज्यू कोकणातही होतेच. बेने इस्रायल समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठीतून कीर्तने केली. आख्यान बायबलचे आणि चाल आपल्या मातीतली. पुढे यांतले बरेच जण इस्रायलला गेले. तिथे १९६० च्या दशकाच्या आरंभी धर्मपीठाने विवाहाच्या बाबतीत त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली. त्यासाठी या मराठी बोलणाऱ्या ज्यूंना जेरुसलेममध्ये आंदोलन करावे लागले. ते खरे ज्यू असल्याचे तिथल्या संसदेने मान्य केले १९६४ मध्ये.