बाहुल्यातला नट

छत्रपती संभाजीनगराहून पैठणकडे जाताना लागणारे आमचे चितेगाव रसिकांच्या नकाशावर नसेल. परंतु बोलपटांशी त्याचा संबंध अगदीच नाही असे नव्हे. व्हिडिओकॉनचे रंगीत टीव्ही येथे तयार होत, आणि महेश कोठारे यांचा 1993 सालचा ‘झपाटलेला’ आमच्या पिढीतील कित्येकांनी चित्रगृहापेक्षा असल्याच पेटीवर अधिक वेळा पाहिला. 2018 साली ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली. पेटी गेली, बोलपट राहिला. त्याविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार आम्ही एवढ्याच नात्याने घेत आहो.

निमित्त असे की, ‘झपाटलेला’चा तिसरा भाग निघणार व त्यात 2004 साली निवर्तलेले लक्ष्मीकांत बेर्डे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने पुन्हा अवतरणार, अशी वार्ता 2024 साली वृत्तपत्रांतून आली. आमच्या परिचयातील बहुतेकांनी तिचे टाळ्या पिटून स्वागत केले. बेत तडीस जावो वा न जावो. आमचे भांडण त्या टाळ्यांशी आहे.

कोणी म्हणेल, ही काही शास्त्रीय कल्पनाकथा नव्हे, भुताखेतांची गंमत आहे. कबूल. तात्या विंचू नावाचा गुंड मरतेसमयी मृत्युंजय मंत्र म्हणतो आणि त्याचा जीव बाहुल्यात शिरतो. अमेरिकेतील 1988 सालच्या एका बोलपटाची ही उसनवारी लपलेलीही नाही. परंतु मंत्राच्या जागी यंत्र ठेवा, की मृतास दुसऱ्या देहात घालण्याची कल्पना शास्त्रीय कथेचीच होते. आणि मूळ कथेत हा उद्योग कोण करितो? खलपुरुष करितो! लक्ष्याचा देह बळकाविण्यासाठी तो बाहुला धडपडतो आणि प्रेक्षक त्याच्या पराभवाची वाट पाहत बसतात. आता तोच उद्योग निर्मात्याने करावयाचा, आणि आम्ही आनंदाश्रू ढाळावयाचे!

वास्तविक 2013 सालच्या दुसऱ्या भागाने हा पेच बऱ्या रीतीने सोडविला होता. वीस वर्षे लोटली होती, लक्ष्मीकांत नव्हते. म्हणून कथा लक्ष्याच्या मुलाकडे गेली व ती भूमिका आदिनाथ कोठारे यांनी केली. बोलपट पहिल्याच्या तोडीचा उतरला असे आम्ही म्हणणार नाही. त्रिमितीच्या हौसेने विनोदाचा बराच वेळ खाल्ला. तथापि गेलेला नट गेला, हे त्याने मान्य केले. ती जागा रिकामी दिसत होती, आणि ती रिकामी दिसणेच योग्य होते.

‘जरा पाश्चात्त्यांकडे पाहा,’ असे आम्हांस सांगण्यात येते. पाहू. रिडली स्कॉट यांचा ‘ब्लेड रनर’ 1982 सालचा. त्यात कल्पिलेले भविष्य 2019 सालचे. ते वर्ष उंबरठ्याशी आले असता, 2017 साली, डेनी व्हिलनव यांनी पुढचा भाग काढला. हॅरिसन फोर्ड यांच्या सुरकुत्या कोणी पुसल्या नाहीत; कथेतही तीस वर्षे लोटलेली आहेत. या बोलपटात नायकाच्या मृत प्रियतमेची प्रतिकृती त्याच्यापुढे उभी करितात, आणि ती घडविण्यासाठी शॉन यंग यांचा तरुणपणीचा चेहरा संगणकाने दुसऱ्या नटीच्या देहावर बसविला आहे. म्हणजे आमच्या येथे योजिलेल्या प्रकाराचाच हा सख्खा भाऊ; भेद इतकाच की शॉन यंग हयात होत्या, त्यांस विचारता येत होते. पण कथेत त्या प्रतिकृतीचे काय होते? एक क्रूर धनिक ती लाच म्हणून देऊ करितो. वृद्ध नायक क्षणभर गहिवरतो, तिच्या डोळ्यांच्या रंगात चूक काढितो आणि पाठ फिरवितो. ती चूक खरी की केवळ निमित्त, याविषयी वाद घालणारे घालोत. नकार खरा आहे. ‘ट्रॉन’चा 2010 साली, मूळ चित्रानंतर अठ्ठावीस वर्षांनी, निघालेला भाग याहून पुष्कळ उथळ, पण त्यातही संगणकाने तरुण केलेला जेफ ब्रिजेस यांचा चेहरा दुष्ट प्रतिरूपास दिला आहे, आणि पिकल्या दाढीचे ब्रिजेस तेवढे माणूस आहेत.

राहता राहिले प्रेक्षकांचे प्रेम. ते आमचेही आहे, आणि म्हणूनच विचारतो: लक्ष्मीकांतांचे आपण काय आवडून घेतले होते? चेहरा? तो तर छायाचित्रातही आहे. समोरच्याचे वाक्य पुरते संपावयाच्या आत घाबरणे, नको तेथे अडखळणे, आणि त्या अडखळण्यातून हशा उभा करणे, हे त्यांचे होते. यंत्र फार तर त्यांनी केलेले पुन्हा जुळवील. ते हयात असते तर आज सत्तरी ओलांडून असते. सत्तरीतले लक्ष्मीकांत काय करिते, हे कोणत्याही यंत्रास ठाऊक असणे शक्य नाही, कारण ते त्यांनी कधी केलेच नाही. वारसांची संमती घेतील, असे कोणी सांगतात. घ्यावीच. वारसांना चेहऱ्याचा हक्क देता येईल. अभिनय कोठून देणार?

कोठारे यांनी आम्हांस पुष्कळ हसविले आहे. त्यांच्याविषयी आमच्या मनात किल्मिष नाही. तिसरा भाग त्यांनी खुशाल काढावा. त्यातील इन्स्पेक्टर महेश म्हातारा होऊ द्यावा, आणि मित्राची आठवण निघताच एखादे वाक्य त्याच्या घशात अडकू द्यावे. आणि लक्ष्मीकांतच पाहावयाचे असतील, तर 1993 सालचा ‘झपाटलेला’ पुन्हा चित्रगृहात लावावा. पैठणच्या रस्त्याने आम्ही शहरात येऊ आणि पदरचे पैसे मोडून तिकीट काढू.