आदरांजली आणि ‘हुबेहूब’पणाचे गृहीतक

पूर्वसूरींच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीताला दाद देताना ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या सभागृहांतून ‘हुबेहूब’ हा शब्द सर्वोच्च प्रशंसा म्हणून ऐकू येतो, आणि समीक्षाही तो निमूटपणे उचलते. पूर्वसूरीची कला ही पूर्ण होऊन गेलेली वस्तू आहे आणि आदर म्हणजे तिची प्रतिकृती, हे त्यामागील गृहीतक होय. ते तपासलेच पाहिजे.

कल्याण गायन समाजाचा ‘देवगंधर्व महोत्सव’ ज्यांचे स्मरण करतो, त्या भास्करबुवा बखल्यांनी ‘स्वयंवर’ (१९१६) नाटकाची पदे प्रचलित बंदिशींच्या चालींतून नव्याने घडवली. ठाण्याच्या महोत्सवाला ज्यांचे नाव आहे, ते राम मराठे मास्तर कृष्णराव आणि जगन्नाथबुवा पुरोहित या भिन्न प्रकृतीच्या गुरूंकडे शिकले. प्रतिकृती ते कोणाचीच झाले नाहीत. त्यांच्याच नावाने अनुकरणाची मागणी व्हावी, हा विपर्यास आहे.

अनुकरणाशिवाय परंपरा कशी टिकेल, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तालमीपुरता तो रास्त आहे. परंतु तालीम आणि आदरांजली या दोन भिन्न क्रिया आहेत. तालमीत शिष्य गुरूचे ग्रहण करतो, आदरांजलीत तो त्याचे आकलन मांडतो. कुमार गंधर्वांनी आपल्या कार्यक्रमास ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हे नाव दिले, तेव्हा ‘मला उमजलेले’ हे दोन शब्द विनयाचे तितकेच समीक्षेचेही होते. ‘हे बालगंधर्व नव्हेत’ हा आक्षेप तेथे गैरलागू ठरतो, कारण तसा दावाच नाही.

पाश्चात्त्य संगीतातही हाच भेद दिसतो. शूमानने १८५३ मध्ये क्लॅरिनेट, व्हायोला आणि पियानो या तीन वाद्यांसाठी रचना केली. हंगेरियन रचनाकार कुर्ताग यांनी १९९० मध्ये याच वाद्यमेळात शूमानला आदरांजली वाहिली. तिचे पहिले पाच भाग अत्यंत त्रोटक आहेत. सहावा त्या पाचांहून दीर्घ आहे आणि त्याच्या शीर्षकात चौदाव्या शतकातील माशो अवतरतो. अखेरीस क्लॅरिनेटवादकच मोठ्या ढोलावर एक मंद आघात करतो. शूमानच्या शैलीत यातले काहीच नाही. तरीही शूमानशिवाय ही रचना संभवत नाही.

मर्ढेकरांनी अभंगाच्या छंदात महानगरातील विफलता मांडली. त्यास तुकारामांची नक्कल म्हणणे हास्यास्पद ठरेल. कवितेला लावलेला हा निकष संगीताला नाकारणारी समीक्षा परंपरेचे रक्षण करीत नाही. ती परंपरेचा कित्ता करते.