वस्तू वाचली, इतिहास गेला

१/ ग्रीक-रोमन संग्रहालयांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडते: “त्यांनी नेले म्हणून निदान वाचले तरी!” माझा आक्षेप या वाक्यालाच आहे.

२/ इ.स.पू. ५१५च्या सुमारास अथेन्समध्ये युक्सिथिओसने एक क्रेटर, म्हणजे मद्यात पाणी मिसळण्याचे मोठे भांडे, घडवले आणि युफ्रोनिओसने ते रंगवले. ट्रॉयच्या रणात पडलेल्या सार्पेडॉनला निद्रा आणि मृत्यू हे दोन देव उचलून नेत आहेत, असे त्यावरचे चित्र.

३/ १९७२ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ते १० लाख डॉलरना विकत घेतले. बैरूतच्या एका जुन्या संग्रहातले, असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात ते आदल्याच वर्षी रोमजवळील चेर्वेतेरी येथे एत्रुस्कन थडगे फोडून चोरलेले होते.

४/ १९९५ साली जिनिव्हातील एका व्यापाऱ्याच्या गोदामावर छापा पडला आणि चोरबाजाराचे धागेदोरे हाती लागले. २००६ साली करार झाला, २००८ साली क्रेटर इटलीत परतला.

५/ मग न्याय झाला? नाही. अथेन्सचे हे भांडे कोणा एत्रुस्कनाच्या थडग्यात ठेवले होते? स्त्रीच्या की पुरुषाच्या? सोबत काय होते? ही उत्तरे पहारीखाली कायमची चिरडली गेली. करारामुळे भांडे परत आले. थडगे येणार नाही.

६/ आता दुसरी वस्तू पाहा. १९३८ साली पाँपेईतील एका घराच्या उत्खननात भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पाँपेई इ.स. ७९ मध्ये राखेखाली गाडले गेले. म्हणजे मूर्ती त्यापूर्वीच तेथे पोहोचली होती. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती आपल्या भोकरदनच्या उत्खननातही मिळाली. हीच मूर्ती चोरबाजारातून आली असती, तर सातवाहनकालीन व्यापाराचा हा पुरावा केवळ एक शोभेची बाहुली ठरला असता.

७/ “संग्रहालयाने थोडाच दरोडा घातला? त्यांनी घेतले नसते तर दुसऱ्या कोणी घेतले असते.” हा युक्तिवाद चोरीचा माल घेणारा प्रत्येक सराफ करतो. १० लाख डॉलरची बातमी ऐकून किती पहारी उचलल्या गेल्या असतील? आणि चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार १९७० सालीच झाला होता. अज्ञानाची सबब चालणार नाही.

८/ म्हणून संग्रहालयात जाल तेव्हा वस्तूइतकाच फलकही नीट पाहा. ती कोठे, कोणाला, केव्हा सापडली, हे तेथे आहे का? नुसतेच ‘खरेदी’ लिहिले असेल, तर तेथील अधिकाऱ्यांना विचारा: कोणाकडून? आणि त्याच्याकडे ती कोठून आली?