चकलीला जागा आहे, छत्रीला नाही

मार्च संपत आला की गिरगावात गच्च्यांवर पापड-कुरडया वाळायला लागतात आणि दवाखान्यात 'डॉक्टर, टूरला निघालोय, चार गोळ्या लिहून द्या' म्हणणारे यायला लागतात. पूर्वी ही टूर काश्मीर किंवा चारधामची असायची. आता ग्रीस, इटली, स्पेन, तुर्कस्तान. आनंदच आहे. आयुष्यभर दोन खोल्यांत संसार केलेल्या माणसांनी साठीला अथेन्स बघावं, यासारखी छान गोष्ट नाही.

बॅगेत काय भरलं, असं मी मुद्दाम विचारतो. उत्तर पाठ असतं: चकली, भाकरवडी, मेतकूट, लसणीची चटणी, गरम पाणी ओतून होणारे पोहे, किटली, चहाचा मसाला. आणि 'युरोप म्हणजे थंडी' म्हणून दोन स्वेटर. टोपी? नाही. काळा चष्मा? 'असेल मुलाचा.' उन्हासाठी काय घेतलंत म्हटलं की हसतात. 'आम्हाला उन्हाचं काय सांगता डॉक्टर? आम्ही मुंबईची माणसं!'

हा लेख त्या एका वाक्याविरुद्ध आहे.

मुंबईच्या माणसाला घाम माहीत आहे, ऊन माहीत नाही. आपल्या वाड्यांमध्ये दुपारी बारालाही अर्ध्या गल्लीत सावली असते. चाळीच्या गॅलरीखालून, दुकानांच्या छपरांखालून चर्नी रोड स्टेशन गाठता येतं. आता तर भुयारी मेट्रोही आली. मे महिन्यात भर दुपारी उघड्यावर तुम्ही सलग किती वेळ असता ते मोजा. पंधरा मिनिटं? टूरवर तुम्ही अक्रोपोलिसच्या टेकडीवर दोन तास असणार. वर झाड नाही, पायाखाली तापलेला संगमरवर. पॉम्पेई म्हणजे तर दगडी रस्त्यांचं आख्खं गावच, आणि घरांवर छप्परं नाहीत.

तिथली हवा कोरडी असते, हा दुसरा धोका. इथे घाम अंगावरून ओघळतो, म्हणून पाणी जातंय हे कळतं. तिथे तो निघताक्षणी उडून जातो, अंग कोरडं राहतं आणि माणसाला वाटतं, आपल्याला काही होत नाहीये. विदर्भातल्या नातेवाइकांना विचारा, ते सांगतील. सिसिलीत ११ ऑगस्ट २०२१ रोजी ४८.८ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. युरोपातला हा अधिकृत उच्चांक आहे. २०२३ च्या जुलैत आणि २०२४ च्या जूनमध्ये उष्णतेच्या लाटेमुळे अक्रोपोलिस भर दुपारी पर्यटकांना बंद ठेवावं लागलं. शिवाय जूनअखेरीस अथेन्सचा सूर्य नऊच्या सुमाराला मावळतो. 'संध्याकाळी पाचला निघू, ऊन उतरेल' हा आपला हिशेब तिथे चुकतो.

'पण सवय असते ना!' नसते. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण सोहळ्याला लाखो माणसं उन्हात बसली होती. त्यात १४ जण गेले. ती सगळी आपलीच माणसं होती, याच हवेत वाढलेली. शरीराला उष्णतेची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तुमची टूर दहा दिवसांची.

आणि ज्यांना वाटतं की जाणकार माणसाला काही होत नाही, त्यांच्यासाठी. ब्रिटनमध्ये टीव्हीवर आरोग्याचे कार्यक्रम करणारे डॉक्टर मायकल मोस्ली ५ जून २०२४ ला ग्रीसच्या सिमी बेटावर दुपारी दीडच्या सुमारास एकटे पायी निघाले. चार दिवसांनी त्यांचा मृतदेह सापडला. नेमकं कारण ठरवता आलं नाही, पण उष्माघाताची शक्यता मोठी, असं ब्रिटनमधल्या चौकशीत नोंदलं गेलं. वय ६७. हातात छत्री होती, जवळ फोन नव्हता. मी छत्री न्या असा आग्रह धरणारा माणूस आहे, तरी हे सांगतो, कारण दुपारी बारा ते पाच या वेळेवर छत्री हा उपाय नाही. त्या वेळी संग्रहालयात जा, जेवा, झोपा. स्पेनमधली माणसं दुपारी खिडक्यांचे पडदे ओढून घेतात ते उगीच नाही.

आता असं बोलतो जे टूरवाले बोलत नाहीत. आपल्या बायका टूरवर पाणी पीत नाहीत. बस दोन-दोन तास थांबत नाही, आणि थांबली तर स्वच्छतागृहाला अर्धा किंवा एक युरो पडतो. 'शंभर रुपये लघवीला?' म्हणून सकाळी चहा घेतात आणि दुपारपर्यंत घोटभर पाण्यावर काढतात. परत आल्यावर लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन येतात, आणि त्या सुटल्या म्हणायच्या. कोणी तिथेच चक्कर येऊन पडतं. दीड-दोन लाखांच्या टूरमध्ये या खर्चाचे वीस युरो वेगळे काढा, सुटी नाणी करा आणि सासूबाईंच्या हातात द्या. त्या मागणार नाहीत. साठीनंतर तहानही कमी लागते. तेव्हा तहान लागेल तेव्हा पिऊ, असं ठरवू नका. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी मात्र किती प्यायचं ते आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

ओआरएसची दहा पाकिटं घ्या. पावडरची, एक लिटर पाण्यात घालायची, ज्यावर डब्ल्यूएचओचं सूत्र असं लिहिलेलं असतं. खोक्यातलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला एफएसएसएआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती उगीच नाही. दहा पाकिटांना चकलीच्या एका पुडीएवढीही जागा लागत नाही.

गोळ्यांबद्दल. रक्तदाबाच्या कित्येक गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं: हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साखर लघवीतून बाहेर काढतात, तिच्यासोबत पाणीही जातं. गिरगावात हे चालून जातं. चाळीस अंशांत, त्यात जुलाब लागले, तर हीच गोळी तुम्हाला आडवं पाडू शकते. म्हणून स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, पण 'उलट्या-जुलाब झाले तर यातली कुठली थांबवू?' हे निघण्याआधी विचारून कागदावर लिहून घ्यायचं. हा प्रश्न मला वर्षाला दोन-तीन जण विचारतात. अँटिबायोटिकचा कोर्स मात्र सगळेच मागतात.

इन्सुलिन कधीही चेक-इन बॅगेत टाकू नका, विमानाच्या पोटात ते गोठू शकतं. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकायचं. बसच्या डिकीत ठेवलंत तर उकडून निघेल. ते तुमच्याजवळच, गार पिशवीत.

बाकी सगळ्या गोळ्याही हातातल्या बॅगेत, मूळ स्ट्रिपमध्ये, चार दिवस जास्तीच्या. डबीत सुट्या काढून ठेवलेल्या पांढऱ्या गोळ्या म्हणजे कस्टमवाल्याला कोडं. प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव हवं. आपला ब्रँड रोमच्या केमिस्टला कळणार नाही, टेल्मिसार्टन कळेल. आणि 'गुडघ्यासाठी शेजाऱ्यांनी दिलेली' ट्रॅमाडॉल तर मुळीच नको. इजिप्तमध्ये ट्रॅमाडॉलच्या २९० गोळ्या नेल्याबद्दल एका ब्रिटिश बाईला २०१७ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली होती.

सनस्क्रीन म्हणजे गोरं होण्याचं क्रीम, हा गैरसमज पुरुषांत जास्त. आपली त्वचा गोऱ्यांएवढी पटकन भाजत नाही, हे खरं. पण चाळिशीनंतर गालावर येणारा वांग उन्हाने काळवंडतो, आणि तो घालवायला नंतर महिनोन्‌महिने औषधं लावत बसावं लागतं. एसपीएफ ३० किंवा ५०, चेहरा-मानेला दोन बोटांवर मावेल एवढं, दर दोन तासांनी. ते जमत नसेल तर पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, रुंद काठाची टोपी आणि आपली पावसाळ्यातली काळी छत्री. 'फोटोत गावठी दिसतं' म्हणाल. दिसू दे.

बरोबरचा माणूस उन्हात असंबद्ध बोलायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर पॅरासिटामॉल देत बसू नका. उष्माघाताच्या तापाला ती लागू पडत नाही. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका आणि ११२ लावा. युरोपियन युनियनमध्ये सगळीकडे हाच नंबर.

खाण्याचं थोडक्यात: युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे आणि तूप घरीच. हापूसही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नाही. केळी आणि नारळ चालतात. जागा झाली बॅगेत.

शेवटचं, विम्याचं. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा विमा लागतो, म्हणून सगळेच काढतात. फॉर्म ऑनलाइन भरतो मुलगा, आणि 'मधुमेह आहे का' या रकान्यापुढे 'नाही' लिहितो, कारण हप्ता कमी येतो. अथेन्सच्या हॉस्पिटलात साखर तपासली जाणारच आहे. तो फॉर्म तुम्ही स्वतः वाचा, मुलाला शेजारी बसवून, आणि मग सही करा.