मातीचा किल्ला आणि मढचा तट

दिवाळी जवळ आली की मुंबईच्या उपनगरांत रस्त्याच्या कडेला मातीच्या मावळ्यांबरोबर प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्लेही विक्रीला मांडलेले दिसतात. मावळे पूर्वीही विकतच घेतले जात. किल्ला मात्र मुलांनी दगड, विटा, गोणपाट आणि माती जमवून स्वत: उभारावयाचा, असा संकेत होता. आता किल्लाही विकत येतो, गॅलरीत ठेवला जातो, त्याचे वरून एक छायाचित्र काढले जाते आणि कार्यभाग उरकतो. अंगणे गेली, माती मिळत नाही, आईवडिलांना सवड नाही, ही कारणे खोटी नाहीत. परंतु या सोयीच्या व्यवहारात हातचे काय जात आहे, याचा हिशेबही एकदा मांडला पाहिजे.

युद्धाची लहान प्रतिकृती मांडणे हा केवळ पोरखेळ नव्हे. प्रशियात रायस्विट्झ पितापुत्रांनी युद्धाचा पट तयार केला. १८२४ मध्ये त्याचे नियम छापले गेले आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणात त्याला स्थान मिळाले. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून घरातल्या जमिनीवर खेळण्यातील शिपायांची लढाई कशी मांडावी हे सांगितले आणि अखेरीस खरे युद्ध हा केवढा मूर्खपणा आहे, याकडेही लक्ष वेधले. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. आपला दिवाळीचा किल्ला याच कुळातला. फरक एवढाच की, तो सजावटीपाशी थांबतो. त्यावर लढाई मांडली जात नाही.

ती मांडावयाची तर दूर जाण्याचे कारण नाही. वर्सोव्याहून तरीतून खाडी ओलांडली की मढ येते. तेथे समुद्राला लागून पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला उभा आहे. तो हवाई दलाच्या ताब्यात असल्याने आत सहज जाता येत नाही. चित्रपटांतून त्याचा तट अनेकांनी पाहिलेला असतो. पण तो कोणता किल्ला, हे त्यांना ठाऊक नसते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत मढ नाही आणि वसईही नाही. त्या बारांचा अभिमान योग्यच आहे. पण दाराशी असलेला तट अनोळखी राहावा, हे शोभणारे नाही. ज्याच्या आत जाता येत नाही, तो घरी उभारून तरी समजून घेता येईल.

जेवणाच्या टेबलावर निळे कापड पसरावे आणि त्यावर मातीची साष्टी उभी करावी. पूर्वेला ठाणे, उत्तरेला खाडीपलीकडे वसई, अलीकडच्या तीरावर धारावीचा किल्ला आणि नैर्ऋत्येला मढ. मग मुलाला एकच प्रश्न विचारावा : चिमाजी अप्पांना वसई हवी होती, तर मढसारखी लहान ठाणी घेण्याची गरज काय? पट समोर असला की उत्तर त्याचे त्यालाच सापडते. पोर्तुगीजांची कुमक समुद्रातून येणार. खाड्यांची तोंडे हातची गेली, की धान्य आणि दारूगोळा यांची वाट अरुंद होते. ठाणे १७३७ मध्ये पडले, मढ १७३९ मध्ये मराठ्यांकडे आले आणि त्याच वर्षी मे महिन्यात, सुरुंगांनी तट फोडल्यावर वसईने शरणागती पत्करली. पुढे १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली.

अशा पटावर शौर्याइतकाच जमाखर्चही दिसू लागतो. वेढ्यातील शिपायाला रोज शिधा लागतो, घोड्याला दाणा लागतो, तोफेला दारू लागते. बाजीराव पेशव्यांवरील कर्जे, त्यांतही ब्रह्मेंद्रस्वामींचे कर्ज, इतिहासाला ठाऊक आहेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ला बांधण्यापूर्वी पाणी पाहावे आणि दारूखाना वस्तीपासून दूर असावा, असे बजावलेले आहे. बाजारातल्या तयार किल्ल्यावर सिंहासन असते. पाण्याचे टाके आणि धान्याचे कोठार सहसा नसते.

प्रमाणाचा धडाही असाच हाताने शिकण्याजोगा आहे. मावळा पाच सेंटिमीटर उंचीचा धरला, तर प्रमाण साधारण तेहेतीसास एक असे पडते. समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच असलेला रायगड त्याच प्रमाणात करावयाचा, तर तो चोवीस-पंचवीस मीटरांचा होईल. म्हणजेच माणूस आणि भूमी यांना एकच प्रमाण लावता येत नाही. तडजोड करावी लागते आणि ती तडजोड आहे हे मुलाला कळावे लागते.

छायाचित्राबाबतही तेच. वरून घेतलेल्या चित्रात सेनापतीचा नकाशा दिसतो. कॅमेरा मावळ्याच्या डोळ्यांच्या उंचीला आणून, सकाळच्या तिरप्या उन्हात चित्र घेतले, तर तट एकाएकी उंच होतो आणि बुरुजाआड काय आहे ते दिसेनासे होते. शिपायाला युद्ध असेच दिसत असते. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली, म्हणजे हुकूम देणारा आणि हुकूम पाळणारा यांच्यातील अंतर कोणाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

यामुळे सणाचा आनंद जाऊन त्याची शाळा होईल, असा आक्षेप येईल. पण मुलांना सजवण्यापेक्षा मांडणे आणि मोडून पुन्हा मांडणे अधिक आवडते, हा घरोघरचा अनुभव आहे. वसईच्या तटाखाली मराठ्यांची हजारो माणसे पडली. पटावरचे मावळे रात्री पेटीत भरले जातात आणि सकाळी पुन्हा उभे राहतात. तटाखाली पडलेली ती माणसे उभी राहिली नाहीत. मावळे पेटीत भरताना हे एक वाक्य मुलाला कोणीतरी सांगितले पाहिजे. ते तयार किल्ल्याबरोबर विकत मिळत नाही.