घरचा केक आणि हातचें आवरण

वाढदिवसाच्या दिवशीं शाळेंत केक आणण्याची चाल आपल्या जिल्ह्यांतही आतां चांगलीच रुजली आहे. धाराशिव, तुळजापूर, कळंब, उमरगा अशा गांवीं बेकऱ्यांतून हवे तसे केक मिळतात. मोटार, किल्ला, बाहुली, क्रिकेटचें मैदान, जें सांगावें तें केकवर साखरेंत घडवून मिळतें. ही शोभा साखरेच्या ज्या मऊ गोळ्यापासून करितात त्यास फाँडंट म्हणतात. या चालीविषयीं पालकवर्गांत दोन पक्ष दिसतात. एक म्हणतो, हें परक्यांचें खूळ आपणांस नको. दुसरा म्हणतो, पैसे टाकले कीं उत्तम वस्तु दारीं येते, मग घरीं खटाटोप कशास? आम्हांस दोन्ही पक्ष मान्य नाहींत. केक अवश्य असावा. पण तो घरीं भाजलेला असावा, आणि त्यावरचें आवरण मुलामुलींनीं आपल्या हातांनीं लाटलेलें असावें, असें आमचें मत आहे.

पहिल्या पक्षास आमचें उत्तर असें कीं, नांव परकें असलें तरी विद्या परकी नाहीं. ‘फाँडंट’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘वितळणारें’ एवढाच आहे. साखरेस रूप देण्याची कला आपल्या घरांत पूर्वींपासून आहे. गुढीपाडव्याच्या गाठी आणि संक्रांतीचे हलव्याचे दागिने हीं त्याचीं उदाहरणें होत. मंद आंचेवर दाण्यांवर थोडा थोडा पाक सोडून हातानें काटा आणणारी गृहिणी जें करिते, त्यास धीर व नजर दोन्ही लागतात. केकही आपण आपलासा केला आहे. मुंबईच्या इराणी बेकऱ्यांनीं त्यांत खवा घालून मावा केक प्रसिद्धीस आणला. आणि खवा म्हटला कीं आपल्या भूम तालुक्याचें नांव निघतेंच. कुंथलगिरीच्या खव्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. नाताळांत आमच्या घरीं करंज्या-चकल्यांच्या ताटांत केकही असतो, आणि कोणास तें विजोड वाटत नाहीं.

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. लाटावयाचें फाँडंट घरीं करणें मुळींच अवघड नाहीं. ६० मिलिलिटर थंड पाण्यांत १० ग्रॅम जिलेटिन भिजवून फुगूं द्यावें व भांडें गरम पाण्यावर धरून तें विरघळवावें. त्यांत १२० मिलिलिटर ग्लुकोज सिरप, १ मोठा चमचा ग्लिसरीन व २ मोठे चमचे वनस्पति तूप घालावें. मिश्रण कोमट झालें म्हणजे तें सुमारें १ किलो चाळलेल्या पिठीसाखरेंत थोडें थोडें घालीत कणकेप्रमाणें मळावें आणि गोळा रात्रभर हवाबंद डब्यांत ठेवावा. दुसऱ्या दिवशीं ३ ते ४ मिलिमीटर जाडीची पोळी लाटावी, आणि केकला लोणी-साखरेचा पातळ थर देऊन त्यावर ती पसरावी. जिलेटिन प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून होतें. तें ज्या घरीं चालत नाहीं तेथें चायना ग्रास उकळून वापरावें.

या एका गोळ्यांत विज्ञानाचा एक पाठच भरलेला आहे. साखर ही स्वभावतः खडे धरणारी वस्तु. ग्लुकोज तिचे मोठे स्फटिक बनूं देत नाहीं, ग्लिसरीन ओलावा धरून ठेवतें, आणि तूप लवचिकपणा देतें. फाँडंटचा दुसरा प्रकार ओतावयाचा. त्यासाठीं पाक सुमारें ११५ अंश सेल्सिअसपर्यंत न्यावा असें पुस्तकें सांगतात. पण तो आंकडा समुद्रकांठचा. धाराशिव शहर सुमारें ६५० मीटर उंचीवर असल्यामुळें येथें पाणीच सुमारें ९८ अंशांस उकळतें, व पाकासही दोनेक अंश कमी पुरतात. आंकड्यावर डोळे झांकून विसंबणारा येथें फसेल; थंड पाण्यांत थेंब टाकून मऊ गोळी होते कीं नाहीं हें पाहणारा फसणार नाहीं. आपल्या उन्हाळ्याच्या कोरड्या हवेंत फाँडंटला लवकर भेगा पडतात, आणि पावसाळ्यांत तेंच चिकट होतें. हें सर्व हातानें मळल्याशिवाय कळत नाहीं.

एक इशाराही देणें अवश्य आहे. चकाकणारी प्रत्येक भुकटी खाण्याची नसते. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यांत २०१८ सालीं वाढदिवसाच्या केकवरील अशाच भुकटींतील तांब्यामुळें ६ मुलें आजारी पडलीं. आपल्या हातीं हळद व बीट असतां अशा झगमगाटाची गरज काय?

परंतु हा प्रश्न केवळ कौशल्याचा नाहीं. वर्गांत एकाचा केक तीन मजली आला कीं दुसऱ्याचें मन खट्टू होतें. ज्याच्या घरीं तेवढी ऐपत नाहीं तो आपल्या वाढदिवसाच्या दिवशीं शाळाच चुकवितो, हें आम्हां शिक्षकांच्या पाहण्यांत आहे. आणि ही साखर येते कोठून? दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या व शेजारच्या बीड जिल्ह्यांतून हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. त्यांच्याबरोबर पुष्कळ मुलेंही जातात व त्यांची शाळा बुडते. केकवर जे गुलाब फुलतात त्यांतील साखर अशाच आईबापांनीं कोयत्यानें तोडलेल्या उसाची असते. त्यांच्याच मुलानें त्या केकचा तुकडा ओशाळून हातीं घ्यावा, हें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं.

म्हणून पालकांस आमची विनंती अशी कीं, विकतचा केक वर्गांत धाडूं नये. महिन्यांतून एकदां, त्या महिन्यांत जन्मलेल्या सर्वांचा मिळून एकच केक असावा. साहित्य ज्यास जें जमेल तें त्यानें आणावें. ज्यास कांहींच आणणें जमत नाहीं त्यानें मळावें. भट्टी नसली तरी अडत नाहीं. शिट्टी व रबरी कडें काढलेल्या कुकरांत मिठाच्या थरावर केक उत्तम भाजतो. मुलग्यांनींही मागें राहूं नये. बाजारांतील हलवाई बहुतेक पुरुषच असतात, मग घरीं पोळपाट हातीं घेण्यास लाज कसली?

विद्यार्थिमित्रहो, पहिल्या खेपेस आवरणास सुरकुत्या पडतील आणि गुलाब कोबीसारखा दिसेल. दिसूं द्या. तो केक कोणा एकाचा नसेल, आणि त्या दिवशीं वर्गांतून कोणी गैरहजर राहणार नाहीं.